आपला बिशप नक्की ठरवतं कोण? आणि तो आपल्यातलाच असावा का?

बावखल

धागा काढायला कारण माझी आजी. वय ९१, कानाने कमी ऐकू येतं, पण रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकवत नाही. २०२४ चा पाऊस संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मिस्सेत मुख्य प्रार्थना चालली होती. फादर म्हणाले, "आमचे पोप फ्रान्सिस आणि आमचे बिशप थॉमस..." आजीने मान वर केली. बाहेर पायरीवर चप्पल घालताना मला विचारते, "डाबरे बिशप पुण्याहून परत आले काय रे?"

वसईबाहेरच्यांसाठी सांगतो. आमचा वसई धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा भाग, २२ मे १९९८ ला मुंबईतून वेगळा झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे, भुईगावचे. २००९ च्या एप्रिलमध्ये त्यांची पुण्याला बदली झाली. त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत वाट पाहिली आणि नाशिकहून आर्चबिशप फेलिक्स मच्याडो आले, तरखडचे. त्यांचा राजीनामा २२ मे २०२४ ला मंजूर झाला आणि त्याच दिवशी थॉमस डिसोजा यांचं नाव जाहीर झालं. तेही वसईचेच. प्रार्थनेत आडनाव घेत नाहीत, फक्त नाव घेतात. थॉमस, फेलिक्स, पुन्हा थॉमस. आजीची काही चूक नव्हती.

तिला समजावताना लक्षात आलं की मलाच नीट माहीत नाही. हा माणूस निवडतं कोण? नावं पाठवतं कोण? एकदा सात महिने लागतात, एकदा त्याच दिवशी दुसरं नाव तयार असतं, असं का? आणि माझं मत आधीच मांडतो. बिशप आपल्या मातीतला, आपल्या भाषेतला असावा. डाबरेंनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावर डॉक्टरेट केली. असा माणूस प्रवचनाला उभा राहिला की आजीसारखी अडाणी बाईसुद्धा शेवटपर्यंत ऐकते.

गिरीजची_सून

२२ मे विसरणार नाही. आगोटीची कामं चालली होती, अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. दुपारी साडेतीनच्या पुढे फोन वाजायला लागले. जाऊबाई आतून ओरडली, "झाला, झाला, आपल्यातलाच झाला!" मिरच्या तशाच टाकून सगळ्या तिच्या मोबाईलभोवती. संध्याकाळी लक्षात आलं, कोंबड्यांनी अर्ध्या मिरच्या विस्कटल्या होत्या.

सह्याद्री_वारा

मी ख्रिस्ती नाही, म्हणून भाबडा प्रश्न. आमच्याकडे मठात आधीचे स्वामी हयात असतानाच शिष्य नेमतात. तसं असतं का? जाणारा बिशप सांगून जातो का, की माझ्यानंतर हा?

कलम_४०१

@सह्याद्री_वारा, नाही. जाणाऱ्या बिशपला वारस नेमता येत नाही. लॅटिन विधीच्या धर्मप्रांतांत नेमणूक पोपच करतात. पद्धत थोडक्यात लिहितो.

शेजारच्या काही धर्मप्रांतांचा मिळून एक मोठा प्रांत असतो; त्यातले बिशप मिळून दर तीन वर्षांनी निदान एकदा एक गुप्त यादी करतात: आमच्या भागातले कोणते धर्मगुरू बिशप व्हायला योग्य आहेत. म्हणजे जागा रिकामी होण्याआधीच काही नावं कुठेतरी नोंदलेली असतात. जागा रिकामी व्हायची वेळ आली की दिल्लीतले पोपचे राजदूत, ज्यांना नन्सिओ म्हणतात, ते चौकशी सुरू करतात. त्या प्रांताच्या प्रमुख बिशपांना, म्हणजे आर्चबिशपांना विचारतात, शेजारच्या बिशपांना विचारतात, धर्मप्रांताच्या सल्लागार फादरांपैकी काहींना विचारतात. शहाण्यासुरत्या प्रापंचिकांनाही विचारता येतं. मग तीन नावं आणि स्वतःचं मत रोमला पाठवतात. उमेदवार निदान ३५ वर्षांचा हवा आणि फादर होऊन पाच वर्षं झालेली हवीत.

साडेतीनचं गणित असं. रोममध्ये दुपारी बाराला पत्रक निघतं. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेतीन वाजतात, हिवाळ्यात साडेचार.

आता वेळेबद्दल. ७५ वर्षं पूर्ण झाली की बिशपने राजीनामा पाठवायचा असतो. पण पाठवला म्हणजे सुटला असं नाही. मच्याडो डिसेंबर २०२३ मध्ये ७५ चे झाले, मे २०२४ मध्ये मोकळे झाले. डाबरे पुण्यात ऑक्टोबर २०२० मध्ये ७५ चे झाले, त्यांना मार्च २०२३ पर्यंत थांबावं लागलं. मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस तर ८० पूर्ण झाल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाले. राजीनाम्याने जागा रिकामी होते तेव्हा रोमला आधीपासून तयारी करता येते. बदली किंवा मृत्यू झाला की शोध तिथून पुढे सुरू होतो. २००९ मध्ये तुमच्याकडे बदली होती, हे लक्षात घ्या.

डहाणू_लोकल

बावखल, तुमचा धागा आवडला, पण "आपल्या मातीतला" यावर थांबलो. कुणाची माती?

धर्मप्रांत वसईच्या खाडीपासून वर डहाणू-तलासरीपर्यंत आहे. तिन्ही बिशप वसई तालुक्यातले. तिघांबद्दल आदर आहे. पण आमच्या पाड्यावर मिस्सा झाल्यावर म्हाताऱ्या आपसात वारलीत बोलतात, तेव्हा वसईची मराठीसुद्धा त्यांना शहरातली वाटते. बिशप वर्षातून एकदा दृढीकरणाला, म्हणजे मुलांची श्रद्धा पक्की करण्याच्या विधीला येतात, मुलांच्या कपाळाला तेल लावतात, सोबत जेवतात. एका वर्षी माझ्या मावशीने नागलीची भाकरी वाढली, बिशपांनी मागून दुसरी घेतली, ते ती अजून सांगते. पण वारली किंवा कोकणा मुलगा बिशप झाला, असं तिला सांगता येईल तेव्हा मी म्हणेन आपल्यातला.

बावखल

@डहाणू_लोकल, खरं आहे. "आपल्यातला" लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे वसईतलं पापडी ते निर्मळ एवढंच होतं. उत्तर लगेच नाही माझ्याकडे.

हरेगाव_वाट

नगर जिल्ह्यातून लिहितो. आमचा भाग नाशिक धर्मप्रांतात येतो, तो १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला. पहिले बिशप थॉमस भालेराव, येशूसंघीय.

वसईकरांना डिसोजा-परेरांची सवय आहे. आम्ही शिंदे, गायकवाड, साळवे, भालेराव. आमच्या पणज्यांनी धर्म घेतला तेव्हा अंगावरची चिंधी आणि गावाबाहेरचं घर एवढंच होतं. आडनाव बदललं नाही. पहिलीपासून चर्चमध्ये पाहिलेले साहेब लोक जर्मन, स्वित्झर्लंडचे. जीव ओतून काम केलं त्यांनी, विहिरी खणल्या, शाळा काढल्या. पण भालेराव आडनावाचा माणूस डोक्यावर मायटर, हातात मेंढपाळाची काठी घेऊन हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या यात्रेत व्यासपीठावर उभा राहिला, तेव्हा माझे वडील गर्दीत टाचा उंचावून बघत होते. मला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "बघ, आपलं आडनाव." आमचं आडनाव भालेराव नाही. तरी तसंच म्हणाले.

म्हणून माझं मत बावखल यांच्या बाजूने आणि डहाणू_लोकल यांच्याही. आपल्यातला हवा. पण आपल्यातला म्हणजे सगळ्यांत मागच्या बाकावरचाही आपल्यातला.

गिरीजची_सून

@हरेगाव_वाट, डोळ्यांत पाणी आलं भाऊ.

पुणे_कँप

आमची बाजूही ऐका. डाबरे वसईहून आम्हाला मिळाले, आम्ही १४ वर्षं सांभाळले. त्यांच्यानंतर २०२३ मध्ये मुंबईचे जॉन रॉड्रिग्ज आले. जेमतेम रुळले, तर ३० नोव्हेंबर २०२४ ला मुंबईत त्यांची नेमणूक! दोन वर्षंही झाली नव्हती. पुणं म्हणजे बदलीचं स्टेशन झालंय का? तेही वारसाहक्काचे सहबिशप म्हणून. त्यांना कोअ‍ॅड्ज्युटर म्हणतात. कार्डिनल ग्रेशस यांचा राजीनामा २५ जानेवारी २०२५ ला मंजूर झाला, त्या क्षणी हे आपोआप आर्चबिशप. मुंबईत एक दिवस खंड नाही, खुर्ची रिकामी झाली ती आमची.

कलम_४०१

@सह्याद्री_वारा, कोअ‍ॅड्ज्युटर हा तुमच्या मठाच्या उदाहरणाच्या सगळ्यात जवळचा प्रकार. वारस आधीच शेजारी बसवलेला असतो. फरक एवढाच की बसवलेला असतो पोपने.

माहीमचा_जुना

सगळे २००९ आणि २०२४ वर बोलताय, जरा मागे चला. मुंबईत बिशप ठरवण्यावरून जे झालंय ते ऐकाल तर सात महिने काहीच वाटणार नाहीत.

पोर्तुगीज राजाला आपल्या मुलखातले बिशप सुचवायचा हक्क रोमने दिला होता. त्याला पद्रोआदो म्हणत. इंग्रजांना मुंबईत पोर्तुगीज फादर नको होते. १७२० मध्ये त्यांनी त्यांना काढलं आणि कार्मेली संघाचे धर्मगुरू आणले, जे थेट रोमच्या हाताखाली. पुढे भांडणं इतकी झाली की १७९४ मध्ये चर्चं वाटून दिली. एकाच बेटावर दोन सत्ता. माहीमचे कॅथोलिक एका बिशपचे, शेजारच्या वाडीतले दुसऱ्याचे.

१८५३ मध्ये आमच्या सेंट मायकल चर्चमध्ये काय झालं ते माझे आजोबा त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं सांगायचे, पुस्तकांतही आहे. रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन यांनी चर्च सोडायला नकार देऊन स्वतःला आत कोंडून घेतलं. बाहेर पद्रोआदोच्या लोकांनी वेढा घातला, आत अन्नपाणी जाऊ देईनात. दिवसांमागून दिवस गेले. शेवटी सरकारी अधिकाऱ्याने मध्ये पडून दार उघडायला लावलं आणि चर्च पद्रोआदोकडे गेलं. एका बिशपने उपाशी राहून राखलेलं दार आणि बाहेर उभे असलेले तेही रोज जपमाळ म्हणणारेच. आजोबा हे सांगताना नेहमी आवाज खाली आणायचे. दोन्ही बाजूंना आमचे नातेवाईक होते.

१८८६ मध्ये मुंबईला आर्चबिशप मिळाला, पण वसई-साष्टीतली पद्रोआदोची चर्चं दमण धर्मप्रांतात गेली. म्हणजे बावखल, तुमच्या पणजोबांचा बिशप दमणचा. ते १९२८ पर्यंत चाललं. मग दोन्ही एक झाले आणि तोडगा असा निघाला: मुंबईचा आर्चबिशप पाळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश!

पहिली पाळी पोर्तुगीज, जोआकिम लिमा. ते वारले. १९३७ मध्ये ब्रिटिश पाळी, थॉमस रॉबर्ट्स. हे तेव्हा लिव्हरपूलला होते आणि आपली नेमणूक झाल्याचं त्यांना वर्तमानपत्राच्या बातमीदाराकडून कळलं असं सांगतात. त्यांच्या लक्षात आलं की मुंबईला ना पोर्तुगीज हवा, ना इंग्रज. मुंबईला हवा इथला. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे सहायक बिशप झाले, तेव्हा रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबईबाहेर गेले. राजीनामा दिला असता तर नियमाने पाळी पोर्तुगीजाची आली असती. म्हणून खुर्ची नावापुरती धरून ठेवली आणि थांबले. १९५० मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला, रॉबर्ट्स उतरले आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल.

"आपल्यातला हवा" हे ज्याने सगळ्यात ठामपणे करून दाखवलं तो आपल्यातला नव्हता. मला रॉबर्ट्सबद्दल फार माया आहे.

बावखल

दमण?! आमच्या घरात कुणालाच हे माहीत नाही. जपून ठेवण्यासारखा प्रतिसाद.

दिवाडकर

@माहीमचा_जुना यांना गोव्यातून पुस्ती.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा आमचे पॅट्रिआर्क (गोव्याच्या आर्चबिशपांची पदवी) होते जुझे व्हिएरा अल्वेर्नाझ, पोर्तुगीज. १९६२ मध्ये ते गोवा सोडून गेले, परत आले नाहीत, पण पद सोडलं नाही ते १९७५ पर्यंत. तेवढी वर्षं गोव्याचा कारभार प्रशासकांनी पाहिला. राऊल गोन्साल्विस यांना आर्चबिशपपद मिळालं ते १९७८ मध्ये. तुम्ही सात महिने म्हणता, आमच्या आईच्या पिढीची लग्नं, बाप्तिस्मे, सगळं प्रशासकांच्या काळात झालं.

आणि आमच्या दिवाडीचा अभिमान सांगितल्याशिवाय राहवत नाही. मातेउश द कास्त्रू, आमच्या बेटावरचे. गोव्यात पोर्तुगीज त्यांना पुढे जाऊ देईनात म्हणून ते रोमला गेले, १६३७ मध्ये त्यांना बिशप नेमलं, आदिलशाही मुलखासाठी. गोव्यातल्या सत्तेने मानलं नाही. मग ते डिचोलीत राहिले, जे तेव्हा आदिलशाहीत होतं. नदीपलीकडे स्वतःचं गाव आणि तिथे अधिकार नाही. त्या काठावर उभं राहिलं की मला अजून वाईट वाटतं.

नागपुरी_संत्री

खंड पडतो तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. २०१८ च्या एप्रिलमध्ये आमचे आर्चबिशप अब्राहम विरुथकुलंगरा दिल्लीला गेले असताना अचानक वारले. पुढच्या रविवारी प्रार्थनेत फादर पोपचं नाव घेऊन पुढे गेले. बिशपचं नावच नाही. आम्ही सवयीने तिथे ओठ हलवणारे, सगळे गडबडलो. ती अर्ध्या श्वासाएवढी जागा डिसेंबर उलटेपर्यंत जाणवायची. डिसेंबरमध्ये जे नाव आलं ते एलियास गोन्साल्विस, आधी अमरावतीचे बिशप. आणि मूळचे कुठले? वसईचे!

पुणे_कँप

वसईकर जिथे तिथे :) केळी आणि फुलं तर पाठवताच, आता बिशपही.

कलम_४०१

@नागपुरी_संत्री, ती रिकामी जागा नियमातच आहे. बिशप नसला की त्याचं नाव गाळतात. नवा जाहीर झाला तरी तो रीतसर ताबा घेईपर्यंत नाव घेत नाहीत. मधल्या काळात सल्लागार फादर मंडळ आठ दिवसांत एक प्रशासक निवडतं. निवडणूक जी काय म्हणायची ती एवढीच. आणि त्या प्रशासकाला जुना नियम लागू: खुर्ची रिकामी असताना नवीन काही करायचं नाही.

चुळणेकर_दुबई

लांबून लिहितोय. निवडीत लोकांना काहीच स्थान नाही, हे मला पटत नाही. पॅरिश कौन्सिलला आपण माणूस निवडतो, बँकेवर संचालक निवडतो, पतपेढीवर निवडतो. ज्याच्या हातात शाळा, जमिनी, फादरांच्या बदल्या, तो माणूस एका बंद लिफाफ्यातून येतो. चांगलेच आले असतील, पण विचारायला काय हरकत आहे?

जुनी_पेटी

@चुळणेकर_दुबई, लिफाफ्याबद्दल सांगते. गाव, धर्मप्रांत सांगत नाही, राग मानू नका.

माझे वडील शाळामास्तर होते. एकदा दिल्लीहून जाड लिफाफा आला. आत छापील प्रश्न होते, हे नंतर कळलं, कारण त्यांनी तो कुणाला दाखवला नाही. त्या रात्री जेवले आणि आतल्या खोलीत कंदील घेऊन बसले, वीज गेली होती. दार लावलेलं. आई दोनदा चहा घेऊन गेली, दोनदा बाहेरूनच परत पाठवली. सकाळी मला नेहमीप्रमाणे टपाल टाकायला दिलं नाही. स्वतः सायकल काढली, तालुक्याच्या पोस्टात गेले, रजिस्टर करून पावती पाकिटात ठेवली.

पुढे नवे बिशप जाहीर झाले. आम्ही विचारलं, "तुम्ही यांच्याबद्दलच लिहिलं होतं का?" म्हणाले, "ज्यांच्याबद्दल विचारलं त्यांच्याबद्दल लिहिलं, जे माहीत होतं तेवढं लिहिलं." चांगलं लिहिलं की वाईट, मरेपर्यंत सांगितलं नाही. ते गेल्यावर पेटीत ती पावती सापडली, बाकी काही नाही.

मतदान असतं तर त्यांनी एक शिक्का मारला असता. इथे त्यांनी एक माणूस रात्रभर तोलला. मला नाही वाटत लोकांना विचारत नाहीत. फार थोड्यांना विचारतात, ही माझी तक्रार आहे. आणि माझ्या आईला कधीच विचारलं नसतं, ही त्याहून मोठी तक्रार.

गिरीजची_सून

शेवटचं वाक्य! चर्च झाडणाऱ्या, फुलं लावणाऱ्या, मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या आम्ही. फादर कसा आहे ते आमच्याइतकं कुणाला कळतं?

चुळणेकर_दुबई

@जुनी_पेटी, मत पूर्ण बदललं असं नाही. पण माझ्या बोलण्यातला "बंद लिफाफा" हा शब्द मागे घेतो.

डहाणू_लोकल

मला एवढंच विचारायचंय. ते छापील प्रश्न आमच्या पाड्यावर कुणाला आले असतील का कधी? आमच्याकडेही मास्तर आहेत.

सह्याद्री_वारा

मूळ प्रश्नाकडे येऊया का? बावखल, आजीला शेवटी काय सांगितलंत?

बावखल

सांगतो. दोन दिवस या धाग्यावरचं तिला जमेल तेवढं वाचून दाखवलं. दमणचं ऐकून म्हणाली, "म्हणून माझी सासू दमणच्या साहेबाचं काहीतरी बोलायची." भालेरावांचं दोनदा वाचायला लावलं.

आज सकाळी तिला घेऊन चर्चच्या मागच्या खोलीत गेलो, जिथे कपडे आणि पुस्तकं असतात. तिथे सेवा करणारे काका चांगले ओळखीचे. मिस्सेचा जाड ग्रंथ वेदीवर जातो, त्यात बिशपच्या नावाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवलेली असते. फादर बदलले, पाहुणे फादर आले तरी चुकू नये म्हणून. काकांनी पान उघडलं. वर नवी छापील पट्टी, थॉमस. तिची कड सुटली होती. खाली फेलिक्स, निळ्या शाईत. त्याच्याही खाली खळीने पिवळी पडलेली पट्टी, हाताने लिहिलेली: थॉमस.

आजीने बोट फिरवलं त्याच्यावरून. काकांना म्हणाली, "वरची नवी छापायची कशाला होती, तीच खालची वर आणली असती." मग मला म्हणाली, "तो पाड्यावरचा मुलगा कोण लिहितो, त्याला सांग, पुढच्या वेळी त्याच्यातला होऊ दे म्हणून माळ म्हणते."

@डहाणू_लोकल, निरोप पोचवला.

डहाणू_लोकल

मावशीला फोन लावलाय. आजींचं नाव विचारतेय, तिच्या माळेत घ्यायला.